आधी उतरवा

पापडीत फ्रेडरिक मच्याडोला सगळे 'वॉरंट' म्हणत. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाल्याला अठरा वर्षं उलटली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरीत त्याने कधी विमान चालवलं नव्हतं की त्याचा एक नटही पिळला नव्हता. तो रेडिओवर बसायचा. कंट्रोल टॉवरमध्ये अधिकाऱ्याच्या शेजारी कानाला हेडफोन लावून, विमानातून आलेली आणि विमानाला गेलेली प्रत्येक हाक वहीत उतरवायची, हे त्याचं काम. डाव्या बाजूला वेळ, मग कोण बोललं, मग काय बोललं. तीस वर्षं त्याने हेच केलं. घरी आल्यावर वाडीतली केळी, विहिरीवरचा पंप आणि पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, व्यसनमुक्ती समिती एवढाच पसारा. समितीचा तो अध्यक्ष होता, आणि त्याचं मत सगळ्या गावाला पाठ होतं: विकणारा आणि घेणारा, दोघांनाही आत टाका.

त्यामुळे जानेवारीत स्टीवन लोपीस पॅरिशच्या व्याख्यानमालेचं निमंत्रण घेऊन आला, तेव्हा त्याला होकाराची खात्रीच होती.

"शेवटच्या रविवारी परिसंवाद ठेवलाय," स्टीवन विहिरीच्या कठड्यावर टेकत म्हणाला. "अंमली पदार्थांवरची बंदी आणखी कडक करावी, की नुसतं सेवन करणाऱ्याला गुन्हेगार धरणं बंद करावं? त्या बाजूने तुळिंजच्या वकीलबाई आहेत, विनिता सावे. बंदीच्या बाजूने तुमच्याशिवाय कोण बोलणार, अंकल?"

"रॉजर," फ्रेडरिक म्हणाला.

स्टीवन खूश होऊन गेला. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या त्याच्या बायकोने, रिटाने, मात्र मान वर केली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तीही फसली होती. आज बाजारात जायचं का? रॉजर. आईकडे चार दिवस राहू का? रॉजर. रेडिओच्या भाषेत त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच होतो, 'हो' असा होत नाही, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

"तुम्ही बोलणार आहात का तिथे?" तिने विचारलं.

"बघू."

"ॲलिस्टरचं झाल्यानंतर?"

फ्रेडरिकने पंपाचं बटण दाबलं.

ॲलिस्टर त्याचा भाचा. फ्रेडरिकची धाकटी बहीण ज्युली जूचंद्रला नव्या इमारतीत राहायची. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, एका हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला. हसरा, तोंडाने गोड, मामाची नक्कल करून सगळ्यांना हसवणारा. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याला मेंदूज्वर झाला, तीन आठवडे दवाखान्यात होता, आणि तेव्हापासून त्याचं बोलणं मंदावलंय, असं गावाला ठाऊक होतं. गावाला तसं सांगणारा फ्रेडरिकच होता.

खरं काय झालं ते फ्रेडरिक, रिटा, ज्युली आणि खुद्द ॲलिस्टर या चौघांनाच माहीत होतं, आणि चौघांच्याही तोंडाला वर्षभर कुलूप होतं.

त्या दिवशी भरदुपारी ज्युलीचा फोन आला होता. ॲलिस्टर खोलीत पडलाय, हाक मारली तर ओ देत नाही, ओठ निळे दिसतायत, उशाशी गोळ्यांची रिकामी पाकिटं आहेत. फ्रेडरिकला क्षणात सगळं उमगलं. समितीच्या कामात त्याने अशा गोळ्या पाहिल्या होत्या. आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे पोलिसांची गाडी, इमारतीखाली जमलेले लोक आणि स्वतःचं अध्यक्षपद हे सगळं एकदम उभं राहिलं. तो म्हणाला, "कुणाला काही सांगू नको. मी येतो."

स्कूटर काढून तो निघाला. नायगावच्या पुलावर गर्दी होती. पोचल्यावर त्याने पोराच्या तोंडावर पाणी मारलं, त्याला उठवून बसवायचा प्रयत्न केला, मग एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. तो डॉक्टर ओरडलाच, "मला काय फोन करताय? १०८ लावा." तेव्हा कुठे रुग्णवाहिका बोलावली गेली. पोरगा वाचला. पण श्वास फार वेळ मंद राहिला होता, मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डावा हात अशक्त झाला, आणि शब्द एकेक करून, जड ओझं उचलून आणावं तसे बाहेर यायला लागले.

दवाखान्यात एक हवालदार आला होता. त्याने दोन-चार प्रश्न विचारले, जबाब लिहून घेतला, "सांभाळा पोराला" म्हणाला आणि दहा मिनिटांत उठून गेला. फ्रेडरिक त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला होता. याच माणसाच्या भीतीने आपण थांबलो होतो.

स्टीवन येऊन गेल्यावर फ्रेडरिकने भाषण लिहायला घेतलं. चार पानं लिहिली. शिक्षा वाढवा, शाळांभोवती गस्त घाला, जामीन देऊ नका. आकडे घातले, बायबलातलं एक वचन घातलं. तीनदा वाचून पाहिलं. भाषण चांगलं होतं, आणि ते वाचताना त्याला प्रत्येक वेळी पाणी प्यावंसं वाटत होतं.

आणि मग, वर्षानुवर्षं ज्याची आठवण झाली नव्हती, ते राजस्थानातल्या तळावरचं प्रकरण त्याला आठवायला लागलं.

तेव्हा तो अठ्ठावीस-एकोणतीसचा असेल. एका दुपारी दोन लढाऊ विमानं सरावाहून परतत होती आणि अचानक धुळीचं वादळ उठलं. पहिलं विमान उतरलं. दुसऱ्यात एक कोवळा फ्लाइट लेफ्टनंट होता, हाकेचं नाव कोब्रा थ्री. तो वाट चुकून लांबचा फेरा घेऊन येत होता. टॉवरमधल्या अधिकाऱ्याने विचारलं, कोब्रा थ्री, काही अडचण? उत्तर आलं, निगेटिव्ह, येतोय. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पण फ्रेडरिकच्या कानाला काहीतरी खटकलं. पोराची वाक्यं आखूड होत चालली होती, आणि बोलणं संपल्यावरही त्याचं बोट बटणावरून निघत नव्हतं, त्यामुळे श्वास ऐकू येत होता. असा श्वास त्याने याआधी ऐकला नव्हता. त्याने अधिकाऱ्याला हळूच म्हटलं, "सर, इंधन विचारा."

अधिकाऱ्याने विचारलं. बराच वेळ काही आलं नाही. मग आवाज आला, "पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन." विमान अडचणीत आहे, मदत लागेल, असं सांगायची ती ठरलेली हाक. त्या एका हाकेसरशी सगळी धावपट्टी मोकळी झाली, अग्निशमनाची गाडी बाहेर आली, बाकीची विमानं वरच्यावर थांबवली गेली. कोब्रा थ्री उतरला. धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं इंजिन बंद पडलं.

पुढे चौकशीत कळलं, की महिन्याभरापूर्वीच इंधनाचा अंदाज चुकला म्हणून सगळ्या स्क्वाड्रनसमोर त्याची खरडपट्टी निघाली होती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तो गप्प राहिला होता. तळाच्या प्रमुखांनी सगळ्यांना बोलावलं. फ्रेडरिकला वाटलं, आता पोराचं काही खरं नाही. पण ते शांतपणे म्हणाले, "वरून हाक आली की आधी उतरवा. काय विचारायचं ते जमिनीवर विचारा. हाक मारायला जो घाबरेल तो मरेल, आणि त्याला घाबरवणारे आपण असू." पोराला पंधरा दिवस उड्डाणबंदी झालीच. ती कुणी माफ केली नाही. पण त्यानंतर त्या तळावर इंधन लपवायची कुणाला गरज वाटली नाही.

फ्रेडरिकने चार पानं टेबलाच्या खणात टाकली आणि स्कूटर काढली.

ज्युलीच्या घरी ॲलिस्टर खिडकीत बसून उजव्या हाताने रबरी चेंडू डाव्या हातात देत होता आणि दाबत होता. व्यायाम होता तो. फ्रेडरिकने आडपडदा न ठेवता सांगितलं. रविवारी बोलायचं आहे. खरं सांगायचं मनात आहे. पण गोष्ट तुझी आहे, तू नको म्हणालास तर जाणार नाही.

ज्युली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, त्याच्या बाबांना काय सांगायचं? नात्यागोत्यात काय तोंड दाखवायचं? मेंदूज्वर म्हणालो ना आपण? असू दे ना तसंच."

ॲलिस्टरने चेंडू मांडीवर ठेवला. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात कुणी मध्ये शब्द पुरवलेला त्याला आवडायचा नाही, म्हणून दोघंही थांबले.

"सांग," तो म्हणाला. "पण मामा. माझं मत. तू नाही सांगायचं."

"तुझं मत काय आहे?"

"तिथे. सांगेन."

रविवारी चर्चमधली दुपारची प्रार्थना, मिस्सा, आटोपून लोक सभागृहात जमले. दीडशेच्या आसपास माणसं असतील. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापक प्रल्हाद म्हात्रे होते, तोलून मापून बोलणारे. आधी विनिता सावे बोलल्या. पंचेचाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, आवाज न चढवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "विकणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं स्वतःपुरतं घेणारी असतात. एकदा नाव लागलं की नोकरी जाते, घर तोंड फिरवतं, आणि मग त्याच संगतीत परत जायचं, एवढं एकच दार त्यांना उघडं राहतं. उपचाराला स्वतःहून येणाऱ्यासाठी आपल्या कायद्यातही वाट ठेवलेली आहे. पण ती किती जणांना माहीत आहे? इथे कुणाला माहीत होतं, हात वर करा."

दोन हात वर झाले. व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षाचा हात खालीच होता.

मागून एक जण म्हणाला, "बाई, सूट दिली की पोरं आणखी सोकावतील." बऱ्याच माना हलल्या. विनिताबाईही म्हणाल्या, "भीती रास्त आहे तुमची," आणि खाली बसल्या.

फ्रेडरिक उठला. खिशातून एक छोटा कागद काढला. त्याने प्रस्तावना केली नाही.

"गेल्या वर्षी, अकरा मार्च. चौदा दहा, माझ्या बहिणीचा फोन. मुलगा बेशुद्ध, नशेच्या गोळ्या घेतल्यात. चौदा अकरा, मी तिला सांगितलं, कुणाला सांगू नको. चौदा शेहेचाळीस, मी पोचलो. चौदा अठ्ठावन्न, रुग्णवाहिकेला फोन. पंधरा पंधरा, रुग्णवाहिका आली."

कागद त्याने घडी करून ठेवला.

"अठ्ठेचाळीस मिनिटं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हाका लिहून घेतल्या. माझ्या घरातून हाक आली, ती मी दाबून टाकली. मेंदूज्वर झाला असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं."

मग त्याने कोब्रा थ्रीची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, पोराला झालेल्या उड्डाणबंदीसकट. "बंदी असावी की नसावी, हे मला आता पूर्वीसारखं छातीठोकपणे सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण आपल्या घरांतली पोरं आणि त्यांच्या आया फोन उचलायला घाबरतात, आणि त्यांना घाबरवण्यात माझ्या भाषणांचा मोठा वाटा आहे. आधी उतरवूया. मग विचारू काय विचारायचं ते."

तो बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, पुढच्या रांगेत कुणीतरी कपाळावर क्रूस काढला. प्रल्हाद गुरुजी माइककडे वाकणार तेवढ्यात डाव्या बाजूला ॲलिस्टर उभा राहिला. ज्युली त्याचा हात धरायला गेली, त्याने मानेनेच नको म्हटलं.

"मला. बोलायचंय. वेळ लागेल."

गुरुजी म्हणाले, "लागू दे बाळा."

"मामा. अर्धं बरोबर बोलला. पोलीस आले असते. तरी मी. मेलो नसतो. फोन करायला हवा होता. पण बंदी. हवी. मला ते सामान. फोन केल्यावर दहा मिनिटांत. घरपोच मिळायचं. पिझ्झासारखं." दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. "ते उघड विकलं असतं. तर मी. आणखी आधी घेतलं असतं. बाई चांगल्या बोलल्या. पण मी. त्यांच्याशी सहमत नाही."

विनिताबाई पहिल्यांदा हसल्या. "तुझ्यासाठीच तर बोलत होते मी," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," ॲलिस्टर म्हणाला, आणि बसला. घामाने त्याचा सदरा भिजला होता.

स्टीवनच्या मनात शेवटी हात वर करून मत घ्यायचं होतं. प्रल्हाद गुरुजींनी ते होऊ दिलं नाही. आज मोजण्यासारखं काही नाही, एवढंच ते म्हणाले आणि सभा संपवली.

बाहेर चर्चच्या आवारात चहा होता. काही लोक फ्रेडरिकला टाळून गेले, काहींनी खांद्यावर हात ठेवला. समितीतला एक जुना सहकारी तोंडावर म्हणाला, "वॉरंट, घरचं घरात ठेवायचं असतं." फ्रेडरिकने त्याला सांगितलं, की अध्यक्षपदाचा राजीनामा उद्या सकाळी मिळेल. सहकारी 'नको, नको' म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव लपला नाही.

ज्युली आवाराच्या कडेला आंब्याखाली उभी होती. फ्रेडरिक तिच्याजवळ गेला. तिच्या रागाला तोंड द्यायची त्याची तयारी होती. सगळ्या गावापुढे तिचं घर उघडं केलं होतं त्याने.

"दादा, तुझी वेळ चुकली," ती म्हणाली.

"कसली वेळ?"

"मला तो दोनला दिसला होता. दोनच्या बातम्या लागल्या होत्या टीव्हीवर." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मी आधी पाकिटं उचलली. पिशवीत भरून कचऱ्यात खाली टाकली. खोली आवरली, चादर बदलली त्याच्याखालची. कुणी आलं तर काय म्हणेल म्हणून. मग तुला फोन केला, आणि पाकिटं अजून उशाशीच आहेत असं सांगितलं. तू आलास तेव्हा ती फोननंतर फेकली म्हणाले. 'सांगू नको' म्हणालो म्हणून सगळं झालं, असं वर्षभर तू धरून चाललायस, आणि मी तुला धरू देतेय."

वर्षभर फ्रेडरिक त्या एका वाक्याचं ओझं एकटा वाहत होता, आणि तेवढ्याच वजनाचं दुसरं ओझं ही बाई जूचंद्रच्या चौथ्या मजल्यावर वाहत होती. तिचं दुःख ऐकताना आपल्याला थोडं हलकं वाटतंय याची त्याला लाज वाटली.

"त्याला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"आज घरी गेल्यावर सांगते. तू ये बरोबर."

तो गेला. रिटाही गेली. ज्युलीने सगळं सांगितलं. ॲलिस्टरने विचारलं, "चादर. कुठली घातलीस?" ज्युली म्हणाली, निळी, मामीने दिलेली. "चांगली आहे ती," तो म्हणाला, आणि आईचा हात आपल्या अशक्त हातात ओढून घेतला. त्या हाताला अजून पकड नव्हती, म्हणून तिनेच तो घट्ट धरला.

समितीचं अध्यक्षपद स्टीवनकडे गेलं. पहिल्या महिन्यात विशेष काही बदललं नाही. तीच पत्रकं, त्याच शाळांतल्या सभा. फरक एवढाच पडला, की पत्रकाच्या तळाशी रुग्णवाहिकेचा नंबर, विनिताबाईंचा नंबर आणि 'आधी फोन करा' ही ओळ आली. ती घालावी की नाही यावर समितीत दोन बैठका वादावादी झाली, आणि ती दोनच मतांनी तरली.

एप्रिलच्या एका सकाळी पलीकडच्या आळीतली बेला फुर्ट्याडो वाडीत आली. केळीचं पान हवं म्हणाली, आणि पान हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अंकल, माझा मोठा, केनी. काल रात्रभर बडबडत होता. आता झोपलाय, पण मला त्याची झोप बरी वाटत नाही. फोन केला तर पोलीस त्याला नेतील का हो?"

फ्रेडरिकने तिला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही. उभ्या उभ्या रुग्णवाहिकेला फोन लावला, मग विनिताबाईंना. केनी वेळेवर दवाखान्यात पोचला. नंतर उपचार केंद्रात राहिला, तिथून एकदा पळून आला, परत गेला. तो यातून सुटेल की नाही हे अजून कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, बेला तर नाहीच.

ॲलिस्टर आता आठवड्यातून दोनदा पापडीला येतो आणि विनिताबाईंच्या तुळिंजच्या कार्यालयात दोन दिवस कामाला बसतो. त्यांच्याशी पटत नाही म्हणूनच त्यांनी त्याला बोलावून घेतलं, असं त्या सांगतात. वाडीत आला की मामा-भाचे बांधावर बसतात आणि बंदीवर भांडतात. ॲलिस्टरचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, आणि फ्रेडरिकला, ज्याने आयुष्यभर आखूड बोलणाऱ्यांचं ऐकलं, तेवढा वेळ थांबणं अजून अवघड जातं. रिटा ओट्यावरून ऐकत असते. परवा ती म्हणाली, "जेवण वाढलंय. उरलेलं भांडण जेवताना करा." दोघं उठले, आणि विहिरीवर हात धुताना ॲलिस्टरने मघाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.